श्रीधरदादाचे मुक्काम

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर परवा एका नव्यानं आलेल्या मुलीनं विचारलं, "समरमध्ये इंग्लंड करतोय, सासू-सासरे बरोबर आहेत. कंट्रीसाइडला कुठे राहायचं, कुणी सांगेल का?" दहा मिनिटांत खाली उत्तरांची रांग लागली आणि सगळ्यांनी एकच लिहिलं होतं : श्रीधरदादाला विचार. तिनं भाबडेपणानं पुन्हा विचारलं, "हे दादा कुठल्या स्ट्रीटवर राहतात?" त्यावर मात्र ग्रुप गप्प झाला. शेवटी मीच लिहिलं, की पूर्वी आपल्याच डब्लिनला राहायचे, आता सांगलीला असतात, नंबर पाठवते.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन. "ताई, ते डॉक्टर आहेत का? मी म्हटलं इंग्लंडचा प्लॅन हवाय, तर त्यांनी आधी सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते विचारलं."

मी इतकी हसले की लेक खोलीतून ओरडली, "आई, आर यू ओके?"

आमचं डब्लिन म्हणजे ओहायोतलं, कोलंबसच्या कडेचं. मी नागपूरहून इथे शिकायला आले, नोकरीला लागले, तेव्हा श्रीधर खरे माझ्या टीममध्ये सीनियर होता. वयानं बारा-तेरा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघायचा. पुढे कळलं की ती सवय नव्हती, तपासणी होती. या बुटांवर हा माणूस किती चालेल, याचा तो अंदाज घेत असायचा. मला तो कधी नावानं हाक मारत नसे. मी नागपूरकर.

या माणसाला एकच नाद होता, लोकांना इंग्लंडच्या खेड्यांत राहायला पाठवायचं. मंजूवहिनी, म्हणजे त्याची बायको, याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायच्या. कुणी इंग्लंडला निघालं की दादा त्याला घरी बोलावणार, वहिनी चहा देणार आणि उलटतपासणी सुरू होणार. गुडघे कसे आहेत? सकाळी चहाशिवाय किती वेळ निघतो? अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी मागे घेता येते का? कुत्र्याला कोण घाबरतं? हे सगळं झाल्यावर तो नकाशा उघडायचा. लंडनला तो दोन दिवसांच्या वर मंजुरी देत नसे. आणि एका खेड्यात तीन रात्रींच्या खाली मुक्काम त्याला चालत नसे. आपली माणसं एका दिवसात पाच गावं उरकायला निघायची. दादा म्हणायचा, "गाव बघायला चाललायस का हजेरी घ्यायला? अरे, गाव बघायचं नसतं. गावात सकाळी उठायचं असतं."

मग दोन-तीन दिवसांनी त्याचा कागद यायचा. टाइप केलेला नाही, हातानं मराठीत लिहिलेला, मुक्काम पहिला, मुक्काम दुसरा असा. एका डोंगरावरल्या फार्मपुढे लिहिलेलं मला आठवतंय : "बाई कडक आहेत, पण ब्रेड घरचा. खोली पूर्वेची मागून घेतली आहे. पाहण्यासारखं काही नाही. दोन तास ठेवावेत."

त्या कडक बाई त्याला कशा माहीत? तर हा पठ्ठ्या पहाटे उठून तिकडे फोन करायचा. इथे ओहायोत सकाळचे सहा, तिकडे अकरा, बायका न्याहारीचं आवरून मोकळ्या झालेल्या. यॉर्कशरच्या डोंगरातल्या, कॉट्सवोल्ड्समधल्या, श्रॉपशरच्या कितीतरी घरमालकिणींशी त्याची नुसती आवाजाची ओळख होती. कुणाची गाय व्याली, कुणाच्या नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सगळं त्याला ठाऊक. आपली माणसं स्वैपाक करणार हे तो आधीच सांगून ठेवायचा, मोहरी तडतडेल, घाबरू नका म्हणून. त्या बायका विचारायच्या, "तुम्ही स्वतः कधी येताय?" हा म्हणायचा, "नेक्स्ट समर." मी ऑफिसात असल्यापासून तो नेक्स्ट समर चालू होता.

या नादाचं मूळ वहिनींकडून कळलं. अमेरिकेत येण्याआधी, चोविसाव्या वर्षी, कंपनीनं दादाला सहा महिने श्रॉपशरमधल्या एका छोट्या बाजारगावी पाठवलं होतं. तिथल्या लोण्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर बसवायचे होते. राहायची सोय एका म्हाताऱ्या विधवेकडे होती, हिल्डाबाईकडे. ती रविवारी याला घरात बसू द्यायची नाही. उकडलेली दोन अंडी खिशात घालून डोंगरावर हाकलायची. त्याच सुमाराला त्याचं लग्न ठरलेलं. "आठवड्याला एक पत्र यायचं," वहिनी सांगायच्या. "मी माडीवर जाऊन, दार लावून वाचायची. आत काय? मेंढरं! आज पन्नास मेंढरं बघितली, आज एका मेंढराला दोन पिल्लं झाली. शेवटच्या ओळीत तेवढं, तुला एकदा इथे आणीन. त्या एका ओळीवर मी लग्न केलं हो."

दादा खाली मान घालून हसायचा. वहिनींना ती मेंढरं दाखवायची राहिली होती, आणि ते त्याला सलत होतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

का राहिलं, तेही सांगायला हवं. इथे कामाच्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाचं असं असतं, की देशात आहात तोवर कागद चालतात. एकदा बाहेर पडलात की परत येताना वकिलातीतून पासपोर्टवर नवा शिक्का घ्यावा लागतो. बहुतेकांना तो आठवड्याभरात मिळतो. काहींचे कागद 'अधिक तपासणी'ला जातात आणि ती किती दिवस चालणार ते कुणी सांगत नाही. दादा-वहिनींची लेक सानिका दुसरीत होती तेव्हा दादा एकटाच तीन आठवड्यांसाठी सांगलीला गेला आणि चार महिने अडकला. इकडे वहिनींना गाडी येत नव्हती. बर्फाचे दिवस. शेजारचा म्हातारा रोज त्यांच्या दारातला बर्फ काढून जायचा, आणि वहिनी पोरीला घेऊन दूध आणायला मैलभर चालत जायच्या. एकदा दोघी घसरून पडल्या. सानिकाचा हात मोडला. दादाला ते आठ दिवसांनी सांगितलं.

परत आल्यावर त्यानं ठरवून टाकलं. ग्रीन कार्ड हातात आल्याशिवाय या देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

पण किती घाबरावं माणसानं! मंडळाची सहल नायगाऱ्याला गेली होती. सगळे पूल ओलांडून कॅनडाच्या बाजूनं धबधबा बघायला निघाले. दादासारखेच कागद असलेले दोघे-तिघे वकिलाला विचारून आले होते. ते म्हणाले, "चालतं रे दादा, थोड्या दिवसांसाठी चालतं, नियम आहे." दादा म्हणाला, "नियम चालत असेल. मी नाही चालणार." आणि तो सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत अलीकडच्या बाकावर बसून राहिला. आम्ही परतलो तेव्हा त्यानं मला विचारलं, "तिकडून जास्त चांगला दिसतो ना?" मला त्याचा राग आला होता. खरंच आला होता. दुसऱ्यांना बिनधास्त दऱ्याखोऱ्यांत धाडणारा हा माणूस स्वतः एक पूल ओलांडत नव्हता.

बाकी त्याच्या कागदावर विसंबून गेलेल्यांची फजिती व्हायची ती आपापल्या डोक्यामुळे. आमच्या कुलकर्ण्यांच्या आजींचंच बघा. दादानं त्यांना एका जुन्या पबच्या वरच्या खोल्या घेऊन दिल्या होत्या, कारण त्या गावात दुसरं काही नव्हतं. दारात पाटी बघून आजी गाडीतून उतरेनात. "दारूच्या गुत्त्याच्या माडीवर मुक्काम करायचा? सोवळं-ओवळं जाऊ दे, पण लोक काय म्हणतील?" मुलानं ओहायोला फोन लावला. दादा म्हणाला, "आजींना फोन दे. आजी, खाली शेकोटी आहे. तिच्या डावीकडची खुर्ची धरा, आणि चहा मागा. तासाभरानं नाही आवडलं तर मी दुसरीकडे बघतो." रात्री मुलगा खाली बघतो तर आजी त्या खुर्चीत, पायावर कुणाचं तरी कुत्रं झोपलेलं, आणि समोर दोन म्हातारे शेतकरी. भाषेचा गंध नाही, पण तिघंही आपापल्या सांध्यांबद्दल बोलत होते. पुढच्या दिवशी तीन खेड्यांचा बेत होता. आजी म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी आहे गुत्त्यावर."

माझ्या बाबांची कथा तर मी कुणालाही सांगते. बाबा तलाठी म्हणून रिटायर झालेले. आई-बाबा इकडे आले होते, आमचे शिक्के ताजे होते, म्हणून मी आणि माझा नवरा निखिल त्यांना घेऊन आठवडाभर कॉट्सवोल्ड्सला गेलो. दादाच्या कागदावर लिहिलं होतं : "घरामागून दुसऱ्याच्या शेतातून वाट आहे. खुशाल जावं. फाटक आपल्यामागे लावावं." बाबा फाटकाशी थांबले ते थांबलेच. "मालकाला विचारल्याशिवाय मी पाय टाकणार नाही. पस्तीस वर्षं मी लोकांची हीच भांडणं मिटवली." वीस मिनिटांनी मालक खरंच ट्रॅक्टरवरून आला. बाबांनी मला दुभाषी केलं. जमीन कुणाच्या नावे? वाट किती जुनी? नांगरताना मोडत नाही का? शेतकरी बिचारा ट्रॅक्टर बंद करून सगळं सांगत बसला. नांगरावी लागली तर पुन्हा जशीच्या तशी करून द्यावी लागते, म्हणाला. नकाशावर हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेली असते, आणि नकाशावर आहे म्हणजे जमिनीवर असतेच.

बाबांनी टोपी काढली. "अगं, आपल्याकडे पाणंद नकाशावरच असते. जागेवर जाऊन बघावं तर शेजाऱ्यानं तिच्यात तूर पेरलेली." त्या आठवड्यात त्यांनी चर्च पाहिलं नाही, बाग पाहिली नाही. रोज नवी पाणंद मोजून यायचे.

डब्लिनला परतल्यावर बाबा बॅग न उघडता दादाकडे गेले. दोघं दुपारभर नकाशावर वाकून होते. उठताना बाबांनी सहज विचारलं, "तुम्ही स्वतः कधी निघताय?"

"कार्ड आलं की."

"अर्ज करून किती वर्षं झाली?"

"तेरा."

बाबांनी नकाशाची घडी घातली. म्हणाले, "आमच्याकडे फेरफार नोंदीलाही इतका वेळ लागत नाही हो." दादा मोठ्यानं हसला. वहिनी नाही हसल्या. त्यांनी कपबशा उचलल्या आणि आत गेल्या.

मग सानिका एकवीस वर्षांची झाली. मूल एकवीस वर्षांचं झालं की आईबापांच्या व्हिसावर राहता येत नाही. चार वर्षांची असताना इथे आलेली पोर, मराठी बोलायची तीही ओहायोच्या सुरात. दादा म्हणाला, स्टुडंट व्हिसा घे. ती म्हणाली, "बाबा, आय ॲम डन वेटिंग. तुम्ही सगळी लाइफ लायनीत उभे आहात. मला नाही उभं राहायचं." तिनं उत्तर इंग्लंडातल्या एका युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेतली आणि गेली. दादाच्या त्या यॉर्कशरच्या डोंगरांपासून तासाभरावर.

त्या वर्षी दादानं कुणालाच कागद करून दिला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "यंदा जरा काम आहे."

तिचं पदवीदान ठरलं तेव्हा वहिनींनी सांगून टाकलं, "तुम्ही थांबा. नोकरी आहे, घर आहे. मी जाते." त्यांनाही परत येताना शिक्का लागणारच होता. पण त्यांनी चर्चा केली नाही, तिकीट काढलं. दादानं त्यांच्यासाठी कागद केला. चार पानी. इतका मोठा त्यानं कुणासाठीच केला नव्हता. पदवीदान त्यानं ऑफिसात, मीटिंग रूममध्ये दार लावून, फोनवर पाहिलं.

समारंभ झाल्यावर सानिका नव्या नोकरीवर रुजू झाली आणि वहिनी एकट्याच डोंगरातल्या एका कॉटेजवर राहायला गेल्या. शनिवारी सकाळी मी दादाला डबा द्यायला गेले. टेबलभर नकाशा पसरलेला, फोन स्पीकरवर, आणि दादाचं बोट नकाशावरून सरकत होतं. तिकडे वहिनी चालत होत्या आणि इकडून हा त्यांना वाट सांगत होता.

"आता दगडी भिंत येईल. डाव्या हाताला फाटक."

"आलं."

"ते लावून घे मागे. मग ओढा."

"ओढा आहे. आणि अहो, इथे बाक आहे. तुमच्या कागदात बाक नाही."

"नवीन असेल."

"मी बसते." मग थोडा वेळ नुसता वारा ऐकू येत होता. "मेंढरं आहेत समोर. पुष्कळ आहेत."

 दादाचं बोट नकाशावर तसंच होतं.

"ऐकताय ना? मी इथून पुढे जात नाही."

"दमलीस का? डावीकडून उतरलीस तर शॉर्टकट आहे."

"दमले नाही. हे मी एकटीनं बघायचं नव्हतं. कॉटेज मी दोन आठवडे वाढवून घेतलंय. तुम्ही या."

"मंजू, अगं आता कार्डाची तारीख जवळ आलीय. दोन वर्षं, फार तर तीन. आत्ता बाहेर पडलो आणि अडकलो तर सगळं..."

"अडकू. मागच्या वेळी तुम्ही त्या बाजूला अडकलात आणि मी या बाजूला. ते मला परत जमणार नाही. या वेळी अडकलो तर दोघं एका बाजूला अडकू." आणि मग, अगदी रोजच्या आवाजात, "येताना माझी गोळ्यांची डबी आणा. बेसिनच्या वरच्या कपाटात आहे."

फोन बंद झाला. मी डबा हातात धरून उभी होते. दादानं माझ्याकडे बघितलं, या खेपेला बुटांकडे नाही, तोंडाकडे, आणि म्हणाला, "नागपूरकर, काय करू यार मी?" सतरा वर्षांत या माणसानं कुणालाही स्वतःबद्दल प्रश्न विचारला नव्हता. मला खूप काही सांगता आलं असतं, लेऑफ चालू आहेत, वकिलाशी बोल, घाई करू नको. मी म्हटलं, "गोळ्यांची डबी शोधते."

पुढचं थोडक्यात सांगते. दोघं इंग्लंडहून शिक्क्यासाठी भारतात गेले आणि कागद तपासणीला गेले, अगदी त्याला भीती होती तसेच. ऑफिसनं तीन महिने वाट पाहिली, मग दिलगिरीचं पत्र आलं. घर आम्ही आवरलं. रांगेतला नंबर असून नसल्यासारखा झाला. इथे अजून काही लोक म्हणतात, दोन वर्षं कळ काढायला हवी होती, हातातोंडाशी आलेला घास घालवला. मी पूर्वी त्यांच्याशी भांडायची, आता भांडत नाही. मला त्याची फार आठवण येते, एवढंच खरं. चहाच्या वेळी येते, आणि कुणी इंग्लंडला निघालं की येते.

एअरपोर्टवर त्याला सोडायला मीच गेले होते. एक लहान बॅग. सवयीनं मी विचारलं, "दादा, कागद कुठाय? पहिला मुक्काम कुठे?"

"नाही गं. काहीच माहीत नाही," तो म्हणाला. "आम्ही त्या कॉटेजवर नाही चाललो. तिनं दुसरं कुठेतरी बुक केलंय. विचारलं तर सांगत नाही. म्हणाली, स्टेशनवर उतरा, मी घ्यायला येते." आणि तो हसत होता. डोळे पुसत होता आणि हसत होता.

तपासणीच्या रांगेत शिरल्यावर त्यानं वाकून आधीच बूट काढले आणि हातात धरले. चौदा वर्षं तो विमानात बसला नव्हता. तिथल्या बाईनं त्याला सांगितलं, आता बूट काढावे लागत नाहीत सर, तो नियम गेला. दादानं हातातल्या बुटांकडे बघितलं, मागे वळून ते मला उंच करून दाखवले, आणि न घालताच, मोज्यांवर, पुढे चालत गेला.